डावा हात

चन्नम्मा सर्कलच्या सिग्नलला मोटारसायकल थांबली तसं शामूनं सवयीनं मान जराशी मागं वळवून विचारलं, "पदर घेतलीस काय गं नीट?" उत्तर आलं नाही. जयवंता एका हाकेला ओ देणाऱ्यातली कधीच नव्हती, म्हणून त्यानं पुन्हा, जरा आवाज चढवून विचारलं. तेव्हा शेजारी स्कूटरवर थांबलेल्या गृहस्थानं आधी शामूकडं बघितलं, मग त्याच्या मागच्या सीटकडं बघितलं, आणि भल्या माणसासारखी नजर दुसरीकडं वळवली. सीट रिकामी होती. ती गेले आठ महिने रिकामीच होती आणि हे शामूला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे. जयवंता समोरच्या निपाणी बसमध्ये होती, तिसऱ्या खिडकीत तिचा अंबाडा दिसत होता, आणि तो त्या बसच्याच मागं मागं दर रविवारी जात होता. सिग्नल सुटला, मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न मारून मारून कान किटवले, तरी शामूचं पाऊल जमिनीवरून उठेना. आपण वेड्यासारखं रिकाम्या सीटला विचारलं, याची लाज नव्हती वाटली त्याला. उत्तर येणार याची आपण खरोखरच वाट बघितली, याची मात्र भीती वाटली.

आता कुणी म्हणेल, बायको बसनं आणि नवरा गाडीवरनं, तेही एकाच गावाला, एकाच दिवशी, हे कसलं खूळ? वडगावातल्या त्यांच्या गल्लीत म्हणतही होते. जयवंताची आई गुणाबाई बोरगावला अंथरुणाला खिळून होती. तिला रविवारी न्हाऊ-माखू घालायचं, दोन घास भरवायचे आणि संध्याकाळी परत यायचं, हा जयवंताचा नेम. आधी दोघं गाडीवरनं जायची. फेब्रुवारीत एका रविवारी निपाणी सोडून बोरगावच्या रस्त्याला लागल्यावर शामूला लांबूनच दिसलं, की पुढं गेलेल्या कुठल्यातरी ट्रॉलीतनं पडलेला एकच ऊस रस्त्यावर आडवा पडलाय. एकच. डाव्या बाजूनं माणूस बैलगाडी घालून नेईल एवढी जागा, उजव्या बाजूनं तेवढीच. येणारं-जाणारं कुणी नाही. आणि शामू सरळ त्या उसावर गेला. कसा गेला, ते त्याला आजही सांगता येत नाही. ऊस दिसला, नजर त्याच्यावर खिळली, डावा हात आपोआप घट्ट मिटला, क्लच दाबला गेला, गाडीचा जोर गेला आणि पुढचं चाक उसावर चढून घसरलं. शामूला खरचटलं. जयवंताचं उजवं मनगट मोडलं, ज्या हातानं तिनं लग्न होऊन आल्यापासून मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या तोच हात. दवाखान्यात प्लास्टर घालताना ती रडली नाही, ओरडली नाही, नवऱ्याला बोल लावला नाही. फक्त एकदा म्हणाली, "एवढा रस्ता मोकळा होता की हो."

पुढच्या रविवारी ती मुकाट्यानं बसस्टँडला चालत गेली. येऊ नका असं म्हणाली नाही, आणि शामूनंही विचारलं नाही. बसमध्ये तिच्या शेजारी जाऊन बसायला त्याला कुणी बंदी केली नव्हती. पण तसं बसणं म्हणजे झालं ते कबूल करून, गाडी विकून मोकळं होण्यासारखंच झालं असतं. म्हणून तो मागं मागं जात राहिला. काकतीला बस थांबली की हाही थांबायचा. संकेश्वरला ती खिडकीतनं शेंगा घ्यायची आणि अर्धा पुडा त्याला द्यायची, एका हातानं. तवंदीच्या घाटात बस रांगायची तसा हाही रांगायचा, धूर गिळत. निपाणी स्टँडवर ती बोरगावच्या बसला बसली की तिथून पुढं मात्र तो जायचा नाही. त्या रस्त्यावर चाक घालायला त्याचं मनच धजायचं नाही. संध्याकाळपर्यंत तो निपाणीत चहा पीत, पेपर चाळत बसायचा. अठ्ठेचाळीस वर्षांचा, दोन यंत्रमागांचा मालक, बोलायला तिखट, अख्ख्या गल्लीला शहाणपण शिकवणारा शामू; आणि दर रविवारी स्टँडसमोरच्या हॉटेलात चुकलेल्या वासरागत बसलेला.

त्या सिग्नलच्या रविवारी त्याला हॉटेलात बसवेना. गाडी घेऊन तो नुसताच फिरत राहिला, आणि हायवे सोडून मैलभर आत, पूर्वी तंबाखू वाळत घालायचे त्या माळावर, त्याला वळणावळणाचा काळा डांबरी पट्टा दिसला. भोवती जुन्या टायरांची भिंत होती. आत चार-पाच माणसं गाड्या फिरवत होती आणि ती पोरं नव्हती, हे बघून शामू थांबला. एकाच्या हेल्मेटमधनं पांढरी दाढी बाहेर आली होती. दर रविवारी मोठ्या माणसांना गाडी शिकवायचा वर्ग इथं भरतो, असं फाटकावर कळलं. शर्यत लावायला नव्हे. हौस म्हणून, वळण नीट घेता यावं म्हणून. शिकवणारी होती रक्षा, खानापूरकडची, भाताच्या शेतीतल्या घरातली, पस्तिशीची, मद्रासकडं काही वर्षं शर्यती मारून आलेली. उन्हानं रापलेली, डोक्याला रुमाल बांधलेला. किती वर्षं चालवताय, असं तिनं विचारलं. अठ्ठावीस, शामू म्हणाला. अठ्ठावीस वर्षं भाकरी खाणाऱ्यानं चावायला शिकायला यावं, तशी गत. रक्षा हसली नाही. तिनं त्याला भाड्याचा चामड्याचा सूट दिला. त्याच्यात आधीच्या पंचवीस जणांचा घाम मुरलेला होता, आणि ढोपरावर कुणीतरी घासून घासून पांढरं केलेलं होतं. तो अंगात चढवताना शामूला लग्नातल्या उसन्या कोटाची आठवण झाली. सूट घालून तो फेंगडा चालत ट्रॅकवर आला तेव्हा त्याच्या मनात एकच विचार होता, की आपल्याला ओळखणारं इथं कुणी नाही, हे फार बरं आहे.

पहिल्या तीन रविवारी त्यानं टायरांची भिंत तीनदा गाठली. जोरात नाही, पण गाठली. सातवं वळण होतं, उजवीकडं लांबच लांब वळत जाणारं. त्याच्या बाहेरच्या अंगाला डांबराला एक ठिगळ मारलेलं होतं, नव्या काळ्या रंगाचं, पत्रावळीएवढं. वळणात शिरलं की शामूला दुसरं काही दिसायचंच नाही. ठिगळ दिसायचं, डावा हात मिटायचा, इंजिनचा जोर तुटायचा आणि गाडी वळायची सोडून सरळ, सरळ, ठिगळावरनं टायरांत. रक्षा वळणाच्या आतल्या बाजूला उभी राहून बघत होती. तिसऱ्यांदा तिनं त्याला थांबवलं, हेल्मेट काढायला लावलं आणि त्याचा डावा हात आपल्या हातात घेऊन उलटा-सुलटा करून बघितला, वैद्यानं बघावा तसा. तळव्याला, बोटांच्या मुळाशी, घट्टे होते. "अण्णा, तुमचा हा हात घाबरत न्हाई," ती म्हणाली. "हा काम करतोय. काय काम करतोय सांगा बघू."

शामूनं हात हवेत मिटून आपल्याकडं ओढून बघितला. आणि मग त्याला कळलं. हात माग बंद करत होता. यंत्रमागाचं हँडल डाव्या हाताला असतं. उभा धागा तुटला की एका क्षणात हँडल ओढून माग थांबवायचा, नाहीतर कापडात वीतभर फट पडते आणि साडी वाया जाते. हे त्याला त्याच्या बापानं, आण्णाप्पानं शिकवलं होतं. शिकवलं म्हणजे काय, हाडात घातलं होतं. बारा वर्षांच्या शामूला मागापुढं उभा करून आण्णाप्पा म्हणायचा, कापडाकडं बघू नको, ते होतंयच. तुटलेला धागा बघ. दोन हजार धाग्यांत एक. डोळा त्या एकावर गेला पाहिजे आणि डोक्याला कळायच्या आत हात गेला पाहिजे. छत्तीस वर्षं शामूचा डोळा तेच करत आला. लग्नाच्या पंगतीत बसला तरी त्याला आधी पत्रावळीतला सुटलेला टाका दिसायचा. जयवंता नवी साडी नेसून पुढं आली की तो तिच्या तोंडाकडं बघायच्या आधी पदरातली चूक काढायचा, आणि ती रुसायची, आणि तिचं रुसणं रास्त होतं. रस्त्यावर ऊस पडलेला दिसला तेव्हा मोकळा रस्ता म्हणजे नुसतं कापड होतं. ऊस हा तुटलेला धागा होता. सगळं बापानं सांगितलं तस्सं केलं त्यानं, तंतोतंत, आणि बायकोचं मनगट मोडलं.

हे त्यानं रक्षाला मोडकंतोडकं सांगितलं. तिनं मान डोलवली. तिच्याकडं याच्यावर मोठं तत्त्वज्ञान नव्हतं. डोळा जिथं जायचंय तिथं ठेवा, वळणाच्या पार शेवटाला, एवढंच ती म्हणाली. आणि डाव्या हाताची बोटं मुठीवर नुसती टेकवा, कोंबडीचं पिल्लू धरतात तशी. बोलायला सोपं आहे. शामूनं सहा रविवार पिल्लू धरायचा प्रयत्न केला आणि सहाही रविवार ते त्याच्या मुठीत मेलं. मधल्या दिवसांत मागापुढं उभं राहिलं की हात पुन्हा आपल्या मूळच्या धर्मावर जायचा. सोमवार ते शनिवार बापाचा, रविवारी रक्षाचा. रात्री अंथरुणावर पडलं की हात दोन्हीकडनं ओढल्यासारखा ठणकायचा. आणि तेव्हा त्याला आण्णाप्पाचे शेवटचे दिवस आठवायचे, जे त्यानं कटाक्षानं आठवायचे टाळले होते. अर्धांगवायूनं म्हाताऱ्याची उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. डोळ्यांत ओळख राहिली नव्हती. दवाखान्याच्या खोलीत वर एक जुना पंखा होता, त्याचा मधेच आवाज बदलायचा, खट् व्हायचा. आणि दर खटक्याला आण्णाप्पाचा डावा हात पलंगाची कड घट्ट धरून ओढायचा. नर्स म्हणायची, त्रास होतोय आजोबांना. शामूला ठाऊक होतं की त्रास नाही, आप्पा माग बंद करतोय. माणसातलं बाकी सगळं निघून गेलं तरी तेवढं राहिलं होतं. तो हात शामूनं शेवटपर्यंत आपल्या हातात धरून ठेवला होता, आणि तो गार झाला तेव्हाही मिटलेलाच होता. आता तेच आपण स्वतःतनं उपटून काढायला निघालोय, हौस म्हणून, भाड्याचा सूट घालून. असं मनात आलं की त्याला पुढच्या रविवारी जाऊच नये असं वाटायचं. आणि रविवार आला की चन्नम्मा सर्कलला तिसऱ्या खिडकीतला अंबाडा दिसायचा.

जयवंतानं इतके दिवस काही विचारलं नव्हतं, पण ती काय डोळ्यांवर पट्टी बांधून बसली नव्हती. एका रविवारी परत आल्यावर ती त्याचा शर्ट धुवायला घेता घेता थांबली. शर्टाला परक्याच्या घामाचा वास येतोय, तिनं सरळ सांगितलं, आणि डाव्या हातात शर्ट धरून उत्तराची वाट बघत उभी राहिली. शामूला आधी हसू आलं आणि मग घाम फुटला. त्यानं सगळं सांगून टाकलं. माळ, पट्टा, टायर, रक्षा. ती शिकवणारी बाई आहे म्हटल्यावर जयवंताच्या भुवया वर गेल्या, पण तिनं तो विषय सोडून दिला. अठ्ठावीस वर्षं चालवताय आणि आता शिकायला जाताय, असं ती म्हणाली. मग मनगट चोळत बसली. थंडीत ते दुखायचं, मूठ पुरती मिटायची नाही, कांड्या आता शेजारच्या यशोदाबाईकडनं भरून घ्याव्या लागायच्या. शामूच्या तोंडात आलं होतं, की तू पुन्हा मागं बसावीस म्हणून जातोय. पण ते त्याला बोलवलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात असलं काही बोलायची रीतच पडली नव्हती. त्यानं नुसतं विचारलं, सोडून देऊ काय? जयवंता उठली, शर्ट बादलीत टाकला आणि म्हणाली, "मला काय विचारताय? हात माझा थोडाच शिकतोय."

आणि मग डिसेंबरातल्या एका रविवारी ते झालं. काही वेगळं केलं नव्हतं त्यानं. थंडी होती, डांबर गार होतं, दाढीवाला म्हातारा पुढं होता. सातव्या वळणात शिरताना शामूची नजर आपसूक पलीकडं गेली, वळण जिथं संपतं तिथल्या लिंबाच्या झाडाकडं. गाडी कलंडली आणि कलंडलेलीच राहिली, भरवशाची. वाऱ्यानं कॉलर फडफडली. ढोपर डांबराच्या इतकं जवळ आलं की डांबराचा गारवा चामड्यातनंही जाणवला. झाड जवळ आलं, गाडी सरळ झाली, आणि पुढच्या वळणाला लागल्यावर त्याच्या ध्यानात आलं की ठिगळ दिसलंच नाही. ते होतं, कुठं जाणार? पण त्याला दिसलं नव्हतं. त्यानं आणखी नऊ फेऱ्या मारल्या. नऊही वेळा हात गप्प राहिला. छातीत काहीतरी एवढं मोकळं झालं, की तो हेल्मेटच्या आत मोठमोठ्यानं हसला, कुणी ऐकत नाही बघून. थांबला तेव्हा रक्षा टाळ्या पिटत आली. "मेला बघा आज तो हात, अण्णा," ती म्हणाली. चांगल्या मनानं म्हणाली बिचारी. शामू हसून होय म्हणाला, आणि हातमोजा काढून तळव्याकडं बघत बराच वेळ तिथल्या कठड्यावर बसला. परत येताना बसच्या मागं तो पहिल्यांदाच बसकडं न बघता गेला. पुढचा रस्ता दिसत होता. संकेश्वर कधी गेलं, काकती कधी आली, कळलं नाही. जयवंतानं शेंगांचा पुडा खिडकीबाहेर धरला होता म्हणे, आणि हा न बघताच पुढं निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी माग चालू होता. अंजिरी रंगाची साडी होती, काठ मोरपंखी. जयवंता उंबऱ्याजवळ शेंगा सोलत बसली होती. शामू मागापुढं उभा होता आणि त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कापड दिसत होतं. धोटा इकडून तिकडं जात होता आणि अंजिरी कापड गुंडाळीवर चढत होतं, बोट बोट, न थांबता. त्याला ते फार सुंदर वाटलं. इतकी वर्षं आपण हे विणत होतो आणि कधी बघितलंच नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि तो बघत राहिला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. एकाएकी खाड् करून माग थांबला. हँडलावर जयवंताचा हात होता, डावा. ती कधी उठली, कधी शेजारी आली, त्याला कळलं नव्हतं. तिनं कापडावर बोट ठेवलं. मधोमध, वीतभर, धाग्याची जागा रिकामी होती. उन्हात धरलं असतं तर पलीकडचं दिसलं असतं.

छत्तीस वर्षांत शामूच्या मागावर असं झालं नव्हतं. बोटभरसुद्धा नाही. सूत देऊन साड्या घेणाऱ्या सावकाराचा माणूस वडगावात नव्या विणकराला सांगायचा, की शामूचं कापड तपासायला लागत नाही. आता शामूचा डावा हात नुसता लोंबत होता. त्यानं तो उचलून बघितला, बोटं मिटून-उघडून बघितली. दुखत नव्हता. ठणकत नव्हता. कुणाचाच नव्हता. पलंगाची कड धरणारा आप्पाचा हात डोळ्यांपुढं आला. बापाला आपण खऱ्या अर्थानं पोचवून आलो, असं त्याला वाटलं, आणि तेही काल, हसत हसत. मागाचा आवाज थांबल्यावर घरात इतकी शांतता झाली, की शेंगांची टरफलं वाऱ्यानं सरकलेली ऐकू आली.

जयवंता त्याच्या तोंडाकडं बघत होती. मग तिनं त्याचा हात घेतला, आपल्या त्या न मिटणाऱ्या हातात, जेवढा धरता येईल तेवढा धरला.

"हात हललाच न्हाई तुमचा," ती म्हणाली.

"न्हाई हलला."

"मी मघापास्नं बघत होते. धागा तुटल्या-तुटल्या मला दिसलं. तुमचा हात जातोय काय म्हणून थांबले." शामूला वाटलं, आता ती सावकाराला काय सांगायचं ते विचारील. पण तिनं ती वीतभर फट अंगठ्यानं एकदा वरपासून खालपर्यंत चाचपली, मन लावून, आणि म्हणाली, "ही साडी तिकडं देऊ नका. मला ठेवा. रविवारी नेसते."

"बसमध्ये लोक बघतील की गं. चूक दिसतीय."

"बसमध्ये कोण बसतंय?" जयवंता म्हणाली. तुटलेल्या धाग्याची दोन्ही टोकं शोधून तिनं त्याच्या हातात दिली, गाठ मारायला. "पदर माझा मी खोचून घेते. तुमी मागं बघू नका."